ज्यांचा केवळ स्वर परिचित होता

गिरगावातील खोताची वाडी म्हणजे लाकडी सज्जांची, कौलारू छपरांची आणि अरुंद बोळांची वस्ती. अशा ठिकाणी एका घरच्या रेडिओचा स्वर शेजारच्या ओटीवर विनापरवाना जाऊन बसावा, यात नवल ते काय! २३ जुलै १९२७ रोजी मुंबई नभोवाणी केंद्राचे उद्घाटन झाले, आणि पुढे ज्याचे मुख कोणी पाहिले नाही, असा निवेदक घरोघरचा परिचित झाला.

बाळ कुडतरकर हे अशांपैकी अग्रगण्य. ‘पुन्हा प्रपंच’ या नभोवाणीवरील श्रुतिकेतील त्यांचे पंत, प्रभाकर जोशी यांचे टेकाडे भावजी आणि नीलम प्रभू यांच्या मीनावहिनी, ही त्रयी श्रोत्यांना आप्तांसारखी वाटे. वृत्तनिवेदकाचा शिरस्ता मात्र निराळा: श्रुतिकेतील नटाला हसण्या-रडण्याची मुभा असते, परंतु वृत्तनिवेदकाने दंगलीची वार्ता आणि पर्जन्याचा अंदाज सारख्याच संयमाने, नेमून दिलेल्या मिनिटांत, लाल दिवा विझण्यापूर्वी सांगावयाचा असतो. अपरिचित नामांचे उच्चार आधी पडताळणे, जीभ अडखळली तरी न गोंधळता वाक्य सावरणे आणि स्वतःचे मत स्वरातही उमटू न देणे, हीच त्याची सनद. पुण्याहून प्रादेशिक बातम्या देणाऱ्या सुधा नरवणे यांचे नाव श्रोत्यांच्या स्मरणात राहिले, ते याच व्रतामुळे. बातमी दुसऱ्या दिवशी शिळी झाली, विश्वास मात्र टिकला.