पुनरुत्थानाचे गाणे मराठीत

दिवाळीच्या अंकात ईस्टरवर लेख कशाला, असे एखाद्या वाचकाच्या मनात येईल. पण ईस्टर हाही मुळात दिव्यांचाच सण. आदल्या शनिवारी रात्री कॅथलिक चर्चमधले सारे दिवे मालवतात. बाहेर नवा अग्नी पेटवतात, त्यावर एक मोठी मेणबत्ती लावतात आणि त्या एका ज्योतीवरून हातोहात सर्वांच्या मेणबत्त्या उजळत जातात. पणतीने पणती लावणाऱ्यांना याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

सणाची तिथीही चंद्रच ठरवतो. एकवीस मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा धरायची आणि तिच्यानंतरचा रविवार तो ईस्टर. म्हणून हा सण २२ मार्च ते २५ एप्रिल या दरम्यान कधीही येतो. त्याआधी, रविवार सोडून, चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो. राखेच्या बुधवारी कपाळाला राख लागते, तेव्हापासून गाण्यांचा सूरही बदलतो. ‘आलेलुया’ हा आनंदाचा उद्गार कॅथलिक उपासनेतून पार नाहीसा होतो. झावळ्यांच्या रविवारी जयघोष होतो, शुक्रवारी क्रूसावरच्या मरणाचा शोक होतो आणि शनिवारच्या त्या रात्री ‘आलेलुया’ परत येतो. इतके दिवस मुकाट राहिलेला शब्द सारे चर्च एकदम गाऊ लागते, त्याची गोडी त्या मौनामुळेच वाढलेली असते. मग पुढे पन्नास दिवस, पेन्टेकॉस्टपर्यंत, हा आनंदाचा ऋतू चालतो.

प्रश्न असा, की हा शोक आणि हा आनंद कोणत्या भाषेत करायचा? परक्या भाषेत प्रार्थना पाठ करता येते, रडता मात्र येत नाही.

हे फार लवकर ओळखले ते एका इंग्रजाने. जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आला. इथल्या नवख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे सुटली होती आणि कान मात्र पुराणाला आसुसलेले होते. त्याने ख्रिस्ताची कथाच ओवीत बांधली. ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोलला रोमन लिपीत छापले गेले. ओव्या जवळजवळ अकरा हजार! जगाच्या उत्पत्तीपासून निघालेली ही कथा ख्रिस्ताचे मरण आणि पुनरुत्थान इथवर येते. १६४९ आणि १६५४ साली ते पुन्हा छापले गेले, देवळांतून वाचलेही जाई. परंतु १६८४ साली पोर्तुगीज सरकारने लोकभाषांविरुद्ध फर्मान काढले आणि छापखान्यातली ही परंपरा खुंटली. पहिल्या तीन आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही. ग्रंथ तगला तो हस्तलिखितांच्या आधाराने. १९०७ साली मंगळुरास रोमन लिपीत आणि १९५६ साली शांताराम बंडेलू यांच्या संपादनाने देवनागरीत तो पुन्हा वाचकांपुढे आला.

दुसरी वाट नगरची. मी राहतो त्या शहापूर-मुरबाड भागात, सापगावासारख्या भातसेकाठच्या गावी, सप्ताहातले काल्याचे कीर्तन सहसा कोणी चुकवीत नाही. माहीत असलेलीच कथा पुन्हा ऐकायची, डोळे पुसायचे आणि शेवटी गजरात सामील व्हायचे! एकोणिसाव्या शतकात अहमदनगरच्या प्रोटेस्टंट ख्रिस्ती मंडळींनी हेच कीर्तन ख्रिस्तकथेसाठी हाती घेतले. पुढे १८९५ साली रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि मराठी चर्चला आपला कवी मिळाला. इंग्रजी चालींत कोंबलेल्या भाषांतरित गीतांच्या जागी त्यांनी अभंग आणि भजने दिली. ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य मात्र त्यांच्या हातून पुरे झाले नाही. १९१९ साली ते गेले, तेव्हा अकराच अध्याय झाले होते. शाळेची पायरीही न चढलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे चौसष्ट अध्याय लिहून ते तडीस नेले. पतीच्या मरणाने अर्धी राहिलेली पुनरुत्थानाची कथा पत्नीने पुरी करावी, याहून मोठे ईस्टरगीत कोणते?

कॅथलिकांना मात्र बराच काळ थांबावे लागले. विधी लॅटिनमध्ये, गाऱ्हाणे घरच्या बोलीत, अशी वाटणी शतकानुशतके चालली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेत लोकभाषांना दार उघडले, आणि मराठी वेदीवर गेली. २०१४ पर्यंत आमच्याच ठाणे जिल्ह्यात असलेल्या वसईत ती चांगली रुजली. तिथल्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ साहित्य अकादमीच्या पुरस्कारापर्यंत पोहोचले.

आता नवीच चिंता उभी आहे. फर्मान कोणाचेही नाही, तरी ख्रिस्ती काय किंवा आपण काय, मुले इंग्रजी शाळेत जातात आणि घरचे गाणे त्यांना अवघड वाटू लागते. भजनाची चाल कानांवर पडते, शब्द कळत नाहीत. आजी गाते, नातू नुसता उभा राहतो. सक्तीने जे मेले नाही, ते सोयीने मरू शकते, हे आपण आपल्या ओव्या-आरत्यांच्या बाबतीतही जाणतोच.

तेव्हा पुढच्या ईस्टरला एखाद्या ख्रिस्ती शेजाऱ्याकडे फराळाला जाल, तेव्हा अंड्याच्या आकाराच्या मिठाईचे कौतुक जरूर करा. पण घरातल्या वडीलधाऱ्यांना एक गाणे म्हणायला सांगा. शब्द मराठी असतील, चाल ओळखीची निघेल, आणि ऐकणाऱ्यांत घरची मुलेही असतील.