श्रद्धेची थट्टा : कायद्याची मर्यादा आणि विवेकाची कसोटी

धार्मिक श्रद्धेची थट्टा करणे योग्य आहे का, या प्रश्नाला आपल्याकडे दोन उत्तरे तयार असतात. श्रद्धा हा अंतःकरणाचा विषय असून तिला कोणी बोट लावू नये, असे एक पक्ष म्हणतो. दुसऱ्या पक्षाच्या मते कोणतीही कल्पना प्रश्नातीत नसते आणि ज्यावर प्रश्न विचारता येतो त्यावर हसताही आले पाहिजे. समाजमाध्यमांवर एखादे व्यंगचित्र फिरू लागले, की ही दोन्ही उत्तरे एकमेकांवर आदळतात आणि प्रकरण पोलीस ठाण्यापर्यंत पोहोचते. या वादात कायद्याने गुन्हा काय ठरतो आणि माणुसकीच्या दृष्टीने अनुचित काय ठरते, हे दोन वेगळे प्रश्न बहुधा एकात मिसळले जातात. त्यांची फोड करून पाहणे आवश्यक आहे.

कायद्यातील तरतूद आली कशी?

१८६० च्या भारतीय दंडसंहितेत प्रार्थनास्थळाची विटंबना करणे, धार्मिक सभेत व्यत्यय आणणे असे गुन्हे होते; मात्र छापील मजकुरातून धर्माचा अवमान करण्याबाबत त्या प्रकरणात स्वतंत्र कलम नव्हते. १९२४ मध्ये लाहोरला महाशय राजपाल या प्रकाशकाने ‘रंगीला रसूल’ ही पुस्तिका प्रसिद्ध केली. प्रेषित महंमदांच्या खासगी जीवनावर तीत उपहासात्मक लेखन होते. सीतेची निंदा करणाऱ्या एका पुस्तिकेला ते प्रत्युत्तर होते, असे सांगितले जाते. राजपाल यांच्यावर दोन समाजांत वैर पसरविण्याच्या कलमाखाली, म्हणजे १५३ अ खाली खटला चालला. १९२७ मध्ये लाहोर उच्च न्यायालयाचे न्या. दलीप सिंह यांनी त्यांना दोषमुक्त केले. लिखाण निंद्य असले, तरी दिवंगत धर्मपुरुषावरील टीका त्या कलमाच्या कक्षेत येत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

निकालानंतर क्षोभ उसळला आणि त्याच वर्षी दंडसंहितेत २९५ अ हे कलम घालण्यात आले. विधेयकावरील चर्चेत महंमद अली जीना यांनी कलमाला पाठिंबा देतानाच इतिहासाचे संशोधन आणि धर्माची प्रामाणिक चिकित्सा करणाऱ्यांना त्याची झळ लागू नये, असे बजावले होते. पुढे १९२९ च्या एप्रिलमध्ये राजपाल यांची दुकानातच हत्या झाली आणि त्याच वर्षी मारेकरी इल्मुद्दीनला फाशी देण्यात आले. एका उपहासाला दुसऱ्या उपहासाने दिलेले उत्तर दोन जीव घेऊन थांबले.

न्यायालये या कलमाचा अर्थ कसा लावतात?

आज हीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ मध्ये आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही. तिचा गाभा ‘जाणीवपूर्वक आणि दुष्ट हेतूने’ या शब्दांत आहे. १९५७ मध्ये रामजीलाल मोदी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने कलम वैध ठरविले, पण त्याचा आवाकाही आखून दिला. अनवधानाने, बेफिकिरीने किंवा दुष्ट हेतूशिवाय झालेला अवमान त्यात बसत नाही. अवमानाचे तीव्र आणि हेतुपुरस्सर रूपच शिक्षेस पात्र ठरते. २०१७ मध्ये क्रिकेटपटू महेंद्रसिंह धोनी यांना एका नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर विष्णूच्या रूपात दाखविल्याबद्दल झालेली कारवाई रद्द करताना न्यायालयाने हीच भूमिका पुन्हा मांडली.

म्हणजे ‘माझ्या भावना दुखावल्या’ एवढ्याने गुन्हा सिद्ध होत नाही. तरीही तक्रारी होत राहतात, याचे कारण प्रक्रियेत आहे. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. न्यायालयाने त्याची दखल घेण्यासाठी शासनाची पूर्वपरवानगी लागते. गुन्हा नोंदवून अटक करण्यासाठी लागत नाही. त्यामुळे अखेरीस निर्दोष सुटणाऱ्यालाही अटक, वकील आणि तारखा यांचा फेरा चुकत नाही. आज या कलमाचा धाक शिक्षेपेक्षा या फेऱ्यामुळेच अधिक वाटतो.

आपली परंपरा काय सांगते?

धर्मविषयक विनोद ही पाश्चात्त्यांकडून आलेली गोष्ट आहे, असा समज असेल तर आपल्याच जत्रा आठवाव्यात. पेडण्यापासून सिंधुदुर्गापर्यंत देवळाच्या प्रांगणात रंगणाऱ्या दशावतारात वेद पळविणारा संकासुर काळ्या वेषात, लांब जीभ काढून येतो आणि भटजींची यथेच्छ फिरकी घेतो. यजमान देवस्थान, प्रेक्षक भाविक. तरी कोणाचा अवमान होत नाही. संत एकनाथांच्या एका भारुडातील सून सासरची माणसे एकेक करून दूर करण्यासाठी भवानीला साकडे घालते आणि त्याबद्दल नवस बोलते. श्रोते आधी नवसाच्या व्यवहाराला हसतात आणि मग त्यामागचा वैराग्याचा अर्थ त्यांच्या ध्यानी येतो.

गाडगेबाबांनी हीच रीत विसाव्या शतकात पुढे नेली. नवसाला कोंबडे-बकरे कापणाऱ्यांना, कर्ज काढून सण करणाऱ्यांना ते कीर्तनात प्रश्न विचारीत आणि श्रोत्यांच्याच तोंडून उत्तरे वदवून घेत. ती खिल्ली बोचरी असे; परंतु ती करणारा माणूस आधी त्या गावाचे रस्ते झाडून मग कीर्तनाला उभा राहिलेला असे. ऐकणाऱ्यांच्या भल्याशिवाय त्याला त्यातून काही मिळवायचे नव्हते.

उपहास हे केवळ सुधारकांचे शस्त्र आहे, असेही नाही. गोपाळ गणेश आगरकरांनी रूढींची तर्काने चिरफाड केली, तेव्हा पुण्यातील सनातन्यांनी ते जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली. अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करताना, आपला लढा देवाधर्माशी नसून शोषणाशी आहे, असे डॉ. नरेंद्र दाभोलकर सातत्याने सांगत राहिले. तरी २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. चिकित्सा आणि कुचेष्टा यांतील भेद समजून घेण्याची तयारीच ज्यांच्यापाशी नसते, त्यांना संयत शब्दही असह्य होतात.

गोमंतकाचा अनुभव वेगळा का?

गोव्यात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. येथे १५६० मध्ये स्थापन झालेले इन्क्विझिशन मधल्या अल्प खंडासह १८१२ पर्यंत टिकले. अ. का. प्रियोळकरांनी आपल्या ग्रंथात उजेडात आणलेल्या १७३६ च्या फर्मानात धर्मांतरित कुटुंबांनी अंगणात तुळस ठेवणे, पुरुषांनी धोतर नेसणे अशा साध्या चालीरीतींवरही बंदी होती. सत्ता जेव्हा दुसऱ्याच्या आचाराला तुच्छ लेखते, तेव्हा त्या तुच्छतेला तुरुंगाचे बळ मिळते. याच भूमीत आज मंदिर, चर्च आणि मशीद शेजारी आहेत. येथील थट्टेचे मोल ठरविताना कोण कोणाला हसतो आहे, हे पाहणे टाळता येत नाही.

मग मर्यादा कोठे मानावी?

मराठीने या छटांना निरनिराळी नावे दिली आहेत : थट्टा, विडंबन, उपहास, टवाळी, कुचेष्टा, निंदा. त्यांतील भेद तीन प्रश्नांनी स्पष्ट होतो. पहिला, लक्ष्य काय? नवसाच्या नावाखाली पैसे उकळणारा भोंदू आणि आजारी लेकरासाठी हात जोडणारी आई एका मापाने मोजता येत नाहीत. दुसरा, बोलणारा कोठे उभा आहे? आपल्या घरातील दोषावर हसण्याचा अधिकार आणि संख्येने दुबळ्या शेजाऱ्याच्या देवावर हसण्याचा आव यांत अंतर आहे. तिसरा, हसून झाल्यावर काय उरते? एखादा प्रश्न मनात उरला, तर ती चिकित्सा. केवळ अपमान उरला, तर ती कुचेष्टा.

या कसोटीवर न उतरणारी प्रत्येक गोष्ट गुन्हा मानण्याचे कारण नाही. अभिरुचीहीन विनोद करणाऱ्याला उत्तर द्यावे, त्याचा निषेध करावा किंवा त्याच्याकडे दुर्लक्ष करावे. पोलिसांना बोलावण्याची वेळ हेतुपुरस्सर चिथावणीच्या प्रसंगीच यावी. आणि भ्रमणध्वनीवर आलेले चित्र पुढे धाडणाऱ्यानेही हे तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. नव्या संहितेने इलेक्ट्रॉनिक माध्यमाचा उल्लेख कलमातच केला आहे. ‘मी केवळ पुढे पाठविले’ हे म्हणणे त्याला विवेकाच्या न्यायालयात तर नाहीच, पण खऱ्या न्यायालयातही तारेल याची शाश्वती नाही.