किडनी प्रत्यारोपणानंतरचा खोकला अंगावर काढू नका

किडनी प्रत्यारोपण मुंबई किंवा नवी मुंबईच्या रुग्णालयात झालेले असते. पण ताप-खोकला आला की पनवेलमधील रुग्ण आधी जवळच्या दवाखान्यात जातो. तसे जायला हरकत नाही. मात्र प्रत्यारोपण झाल्याचे तिथे सर्वात आधी सांगा.

असे का होते?

शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, स्टेरॉइड अशी औषधे दिली जातात. त्यांमुळे प्रतिकारशक्ती दबते आणि एरवी फारसा त्रास न देणारे जंतूही फुफ्फुसात शिरकाव करतात. हे ‘संधिसाधू संसर्ग’. पहिल्या ते सहाव्या महिन्यात त्यांचा धोका जास्त असतो; पुढेही तो पूर्ण संपत नाही. दबलेल्या प्रतिकारशक्तीमुळे ताप कमीच राहतो, म्हणून आजार किरकोळ वाटतो.

प्रमुख संसर्ग

• न्यूमोसिस्टिस: ही बुरशी आहे. कोरडा खोकला आणि चालताना धाप लागते. सुरुवातीला एक्स-रे नॉर्मल येऊ शकतो; सीटी स्कॅन लागतो. तो टाळण्यासाठी को-ट्रायमॉक्साझोल काही महिने देतात. ती गोळी मनाने बंद करू नका.
• क्षयरोग: शरीरात सुप्त असलेले जंतू पुन्हा जागे होऊ शकतात. वजन घटणे, रात्री घाम येणे ही लक्षणे सांगा.
• सीएमव्ही: हा विषाणू असून रक्ततपासणीत सापडतो.
• अ‍ॅस्परजिलस: ही बुरशी बांधकामाची धूळ आणि ओलसर जागांत असते. बांधकामाजवळून जाताना मास्क लावा. पावसाळ्यात बुरशी धरलेल्या भिंती रुग्णाने साफ करू नयेत.

तुम्ही काय कराल?

• ताप 100.4 फॅरनहाइट किंवा जास्त असेल, किंवा नवा खोकला, धाप असेल, तर त्याच दिवशी प्रत्यारोपण केंद्राला फोन करा.
• ऑक्सिजन बसून आणि थोडे चालल्यावर, दोन्ही वेळा मोजा. चालल्यावर तो उतरला, किंवा बसूनही 94 पेक्षा कमी असेल, तर थेट रुग्णालय गाठा.
• मेडिकलमधून परस्पर औषध घेऊ नका. क्लॅरिथ्रोमायसिनने टॅक्रोलिमसची रक्तातील पातळी वाढते, क्षयरोगावरील रिफॅम्पिसिनने घटते. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक किडनीला इजा करू शकतात.
• संसर्ग झाला म्हणून प्रत्यारोपणाची औषधे स्वतः थांबवू नका. डोस कमी करायचा का, हे किडनीतज्ज्ञ ठरवतील.

वेळेत निदान झाल्यास यांतील बहुतेक संसर्गांवर उपचार होऊ शकतात. म्हणून चालू औषधांची यादी आणि प्रत्यारोपण केंद्राचा नंबर घरातील प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये ठेवा.