ऐकायची मालिका आणि बघायची मालिका

पूर्वी दोघी जणी जिन्यात भेटल्या, की पहिला प्रश्न ठरलेला असे, ‘आज भाजी काय केलीत?’ भाजीचा प्रश्न अजून आहेच, तो कुठे जातोय! पण त्याच्या पाठोपाठ आता दुसरा येतो, ‘सध्या काय बघताय?’ आमच्या शाळेत मधल्या सुट्टीत डबे उघडले, की हाच विषय. हळदीकुंकवाला गेलं, तर वाण हातात पडायच्या आधी कुणीतरी विचारतंच, ‘अगं, ती मालिका बघितलीस का?’ म्हणून म्हटलं, आज आपणही त्याविषयीच बोलू. मी अलीकडे काय काय बघितलं ते सांगते, आणि ते बघताना एक गोष्ट ध्यानात आली, तीही सांगते.

ती गोष्ट खरं म्हणजे माझ्या एका विद्यार्थिनीने सुचवली. आठवीच्या वर्गाला मी ‘आमच्या घरातील संध्याकाळ’ असा निबंध दिला होता. त्यात एकीने लिहिलं होतं, ‘माझी आई रोज तीन मालिका ऐकते.’ ऐकते, बघते नव्हे! तिला जवळ बोलावून विचारलं, तर अगदी सहज म्हणाली, ‘बाई, आई स्वैपाकघरात असते ना. टीव्ही बाहेरच्या खोलीत आहे.’

आता तुम्हीच सांगा मैत्रिणींनो, आपल्यापैकी किती जणी मालिका खरोखर बघतात आणि किती जणी ऐकतात? संध्याकाळी सात ते नऊ ही मालिकांची वेळ, आणि नेमकी तीच कुकर, पोळ्या आणि मुलांच्या गृहपाठाची वेळ. रोजच्या मालिका करणाऱ्यांना हे पुरेपूर ठाऊक असावं. नीट लक्ष देऊन बघा, नव्हे, ऐका. पात्रं एकमेकांना सारखी नावाने हाका मारतात. काल काय झालं ते आज कुणीतरी कुणाला तरी पुन्हा सांगतंच. मनातलं बोलणंही मोठ्याने होतं. आणि काही आक्रीत घडायचं असलं, की असा ढोल वाजतो, की फोडणी टाकून बाई पदराला हात पुशीत दारात येऊन उभी राहिलीच पाहिजे. चेहऱ्यांवरून तीन-तीनदा कॅमेरा फिरेपर्यंत ती पोचतेसुद्धा. मग जाहिरात लागते आणि ती परत ओट्यापाशी.

बसून बघण्याचे दिवस

नेहमीच असं नव्हतं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. पुढे १९८४ मध्ये ‘हम लोग’ आली. मनोहर श्याम जोशींनी लिहिलेली. शेवटी अशोककुमार येऊन दोन शब्द सांगत, ते ऐकल्याशिवाय कुणी उठत नसे, असं माझ्या सासूबाई सांगतात. १९८५ ची ‘रजनी’ तर त्यांच्या विशेष आवडीची. प्रिया तेंडुलकरने केलेली ती गृहिणी गॅसवाल्याला, टॅक्सीवाल्याला, कचेरीतल्या साहेबाला तोंडावर जाब विचारी. टॅक्सीचा भाग लागला, तेव्हा टॅक्सीवाल्यांनी त्याचा निषेधही केला होता. जानेवारी १९८७ पासून ‘रामायण’ लागायचं, तेव्हा रविवारी सकाळी साडेनवाच्या आत आंघोळी आणि निम्मा स्वैपाक उरकून बायका पुढे येऊन बसत.

सासूबाईंचं एक वाक्य मला फार पटलं. ‘तेव्हा मालिका आठवड्यातून एकदा-दोनदा असायची ना गं, आणि सगळं घर एकदम बसायचं. सगळेच बसलेत म्हटल्यावर पाणी कोण मागणार?’ दररोजच्या मालिका आल्या आणि हे बसणं मोडलं. रोज रोज अर्धा तास कुठली बाई हातातलं टाकून बसणार? ‘चार दिवस सासूचे’ २००१ ला सुरू झाली ती २०१३ पर्यंत चालली, तीन हजारांवर भाग झाले. तेवढ्या वर्षांत शेजारच्या वहिनींची मुलगी बालवाडीतून कॉलेजात जाऊ शकते!

आई कुठे काय करते

मी रोजच्या मालिकांना नावं ठेवायला बसलेले नाही. ‘आई कुठे काय करते’ ही स्टार प्रवाहवरची मालिका डिसेंबर २०१९ ते नोव्हेंबर २०२४ अशी जवळजवळ पाच वर्षं चालली आणि आमच्या घरी ती पुष्कळशी ऐकली गेली. मूळ कथा बंगालीतल्या ‘श्रीमोयी’ मालिकेची, तिच्यावरूनच हिंदीत ‘अनुपमा’ निघाली. मधुराणी प्रभुलकरने केलेली अरुंधती पंचवीस वर्षं घरासाठी खपते, आणि नवऱ्याचं मन दुसरीकडे आहे हे कळल्यावर हळूहळू स्वतःच्या पायावर उभी राहते. पुढे पुढे कथा फारच ताणली, हे खरं. पण नावातच केवढा टोमणा आहे पाहा! ज्या घरात हे वाक्य सहज बोललं जातं, त्याच घरातली आई ते वाक्य स्वैपाकघरातून, कणीक मळता मळता ऐकत होती.

मग मनात आलं, की कधीतरी बाहेर येऊन बसावं, हात रिकामे ठेवून. त्यासाठी रोज लागणारी नको, छोटी हवी, आणि जिला शेवट आहे अशी हवी. शोधता शोधता दोन सापडल्या. दोन्ही हिंदी आहेत, ॲपवर मिळतात आणि घरच्या सगळ्यांसोबत बसून बघता येतात.

गुल्लक

‘गुल्लक’ म्हणजे मुलांची पैसे साठवायची मातीची बँक. तीच आपल्याला गोष्ट सांगते. उत्तरेकडच्या एका गावातलं मिश्रांचं कुटुंब आहे, वडील वीज मंडळात नोकरीला, आई घरी आणि दोन मुलगे. २०१९ ते २०२४ या काळात हिची चार पर्वं आली, एकेका पर्वात अवघे पाच भाग. कुणी कुणाला विष घालत नाही, कुणाची स्मृती जात नाही. वीजबिल, मुलाचा दहावीचा निकाल, थोरल्याची नोकरी आणि भिंतीपलीकडून डोकावणारी शेजारीण, एवढंच.

यातली आई, शांती मिश्रा, आपल्या गीतांजली कुलकर्णीने केली आहे. ‘कोर्ट’ या २०१४ च्या चित्रपटात ती सरकारी वकील होती. दिवसभर खटला चालवून लोकलने घरी जायचं आणि घरी पोचल्यावर ओट्यापाशी उभं राहायचं. त्यातही तिने बोलण्यापेक्षा वावरण्यातूनच जास्त सांगितलं होतं. इथे शांती बडबडी आहे, चिडते, टोमणे मारते. पण तिचे हात बघा! बोलताना ते कधीच थांबत नाहीत. भाजी निवडतील, कपडे घडी करतील, ताट वाढतील. हे ऐकून कळायचं नाही, समोर बसूनच दिसतं. आमच्याकडे दुसऱ्या भागाला माझा मुलगा म्हणाला, ‘आई, ही बाई बसतच नाही गं.’ मी काही बोलले नाही. ह्यांनी मात्र उठून रिकाम्या बशा आत नेऊन ठेवल्या.

पंचायत

दुसरी ‘पंचायत’. एप्रिल २०२० मध्ये, सगळे घरात अडकून होते तेव्हा पहिलं पर्व आलं, आणि जून २०२५ पर्यंत चार पर्वं झाली. शहरातला इंजिनीअर झालेला अभिषेक उत्तर प्रदेशातल्या फुलेरा नावाच्या खेड्यात पंचायतीचा सचिव म्हणून जातो, महिना वीस हजारांवर. फुलेरा काल्पनिक आहे, चित्रण मध्य प्रदेशात सिहोरजवळच्या महोडिया गावी झालेलं आहे. अधूनमधून एखादी शिवी कानावर पडते, तेवढी तयारी ठेवा.

गंमत पुढेच आहे. गावची प्रधान, म्हणजे आपल्याकडची सरपंच, कागदोपत्री मंजूदेवी आहे. नीना गुप्ताने ही भूमिका केली आहे. जागा बाईसाठी राखीव म्हणून तिला निवडून आणलेलं. खुर्चीवर बसतो तिचा नवरा, सगळे प्रधानजी म्हणतात तेही त्यालाच. आणि प्रधानबाई घरात भाजी चिरतायत! बघताना हसू येतं. पण हे काही उत्तरेतच होतं असं नाही. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून ग्रामपंचायतींत बायकांसाठी एक-तृतीयांश जागा राखून ठेवल्या, आपल्या महाराष्ट्राने २०११ मध्ये ते प्रमाण निम्म्यावर नेलं. तरीही ‘सरपंचपती’ हा शब्द आपल्या भाषेत जन्माला आलाच ना?

पहिल्या पर्वाच्या शेवटी सव्वीस जानेवारीचं झेंडावंदन आहे. या खेपेला मंजूदेवीने स्वतः झेंडा फडकवायचा असं ठरतं, आणि त्यासाठी तिला राष्ट्रगीत पाठ करावं लागतं. ती काम करता करता ते घोकते, अडते, पुन्हा म्हणते. सगळ्या गावासमोर उभी राहून अडखळत का होईना, गाते. पार्श्वसंगीताचा गलका नाही, की कुणाचं मोठमोठ्याने मनोगत नाही. आम्ही सगळे गप्प झालो होतो. सासूबाईंनी चष्मा काढून पुसला.

हयातीचा दाखला

आता जे सांगणार आहे, ते मालिकेमुळेच झालं असं मी म्हणणार नाही. पण त्यानंतर झालं, एवढं खरं. मामंजी गेल्यापासून सासूबाईंना कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. दर नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला द्यायचा असतो. आजवर सगळं हे करीत आले, अगदी प्रेमाने. फॉर्म भरायचे, ‘आई, इथे सही कर’ म्हणून बोट ठेवायचे, की सासूबाई सही करायच्या. पैसे काढायची स्लिपही तशीच. पासबुक ह्यांच्या कपाटात.

त्या नोव्हेंबरात ह्यांनी फॉर्म पुढे केला, तर सासूबाई म्हणाल्या, ‘थांब जरा, वाचू दे.’ चांगली दहा मिनिटं वाचला. मग म्हणाल्या, ‘भरीन मीच. चुकलं तर सांग. आणि पासबुक माझ्या डब्यात ठेवत जा.’ हे क्षणभर गोंधळले. ‘अगं आई, मी काय…’ असं काहीतरी सुरू केलं त्यांनी. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, ‘तू चांगलंच करतोस रे. पण हयात मी आहे ना?’

बँकेत मी बरोबर गेले होते. त्यांचं अक्षर जुन्या वळणाचं, चौकोनात मावेना. मागे रांग वाढत होती. पण खिडकीपलीकडच्या मुलीने घाई केली नाही. बाहेर येऊन सासूबाईंनी पासबुकातला आकडा दोनदा वाचला. इतक्या वर्षांत आपले किती पैसे साठलेत, हे त्यांना त्या दिवशी प्रथमच कळलं होतं.

आमच्या घरचा शिरस्ता

आता थोडं व्यवहाराचं. आम्ही शनिवारची रात्र ठरवून टाकली आहे. त्या दिवशी साधी खिचडी नि पापड, म्हणजे भांडी कमी. मालिका सुरू व्हायच्या आत ओटा सगळ्यांनी मिळून आवरायचा. पाण्याचा तांब्या-पेले बाहेर आणून ठेवायचे, मग ‘पाणी दे गं’ ही हाकच येत नाही. भाग एकच बघायचा. ‘अजून एक, अजून एक’ करीत मध्यरात्र केली, की रविवार आपल्यालाच जड जातो. मोबाईल चार्जिंगला आतल्या खोलीत. सासूबाईंना ऐकू कमी येतं, म्हणून खाली अक्षरं येण्याची सोय चालू ठेवतो. मालिका संपली की पुढची कुठली, ते आळीपाळीने एकेकाने ठरवायचं. गेल्या खेपेला मुलाची पाळी होती, पुढची सासूबाईंची आहे. त्यांना ‘रजनी’ पुन्हा बघायची आहे.

आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे त्या अर्ध्या तासात हातात निवडायची मेथी घेऊन बसायचं नाही. सुरुवातीला फार चुळबुळ होते हो! हात नुसते मांडीवर ठेवायचे म्हणजे काय, हेच सुचत नाही. आपण आळशी ठरतोय की काय असंही वाटतं. दोन शनिवार कळ काढा, मग सवय होते.

रोजच्या मालिका मी सोडलेल्या नाहीत. पोळ्या लाटताना त्या सोबतीला असतातच. फक्त आता त्या ऐकायच्या आणि शनिवारची बघायची, एवढा भेद मी केला आहे. त्या निबंधवाल्या मुलीलाही मी विचारलं, ‘तुझ्या आईला बाहेर येऊन बसायला आवडेल का गं?’ ती म्हणाली, ‘विचारलंच नाही कधी, बाई.’ दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत येऊन सांगून गेली, ‘आई म्हणाली, पोळ्या तू करणार असशील तर येते.’

तेव्हा मैत्रिणींनो, तुम्ही सध्या काय बघताय, ते जरूर लिहून कळवा. आणि सोबत हेही लिहा, की बसून बघताय, की उभ्याने?