शहाण्णव तासांची परीक्षा

मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कमधील आमच्या इमारतीत एका रविवारी सकाळी तीन मुले दारात येऊन उभी राहिली. एकाच्या हातात प्लास्टिकचा डबा होता आणि डब्यात सहा मेलेले गप्पी मासे. आदल्या संध्याकाळी मुलांनी माशांची काचेची टाकी घासूनपुसून लख्ख केली होती. जुने हिरवट पाणी मोरीत ओतून दिले होते आणि टाकीत नळाचे ताजे पाणी भरले होते. सकाळी पाहतात तर एकही मासा जिवंत नाही. "काका, नळाच्या पाण्यात विष असतं का? तेच पाणी तर आपण पितो!"

"क्लोरीन" हे उत्तर आमच्या ओठांवर आले होते. ते चुकीचेही नसावे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार नळापर्यंत पोचलेल्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळे क्लोरीन शिल्लक असावे लागते. ते नसेल तर कावीळ, पटकी, विषमज्वर यांचे जंतू वाटेत पाण्यात शिरून तग धरू शकतात. पण लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या आसपासचे क्लोरीनसुद्धा अनेक जातींच्या माशांना मारू शकते. आपण पितो ते पाणी पोटात जाते आणि त्यातले किंचित क्लोरीन लाळ व अन्न यांच्याशी संयोग पावून तिथेच संपते. माशाच्या कल्ल्यांवरून मात्र पाणी रात्रंदिवस वाहत असते, आणि ते पाणी व माशाचे रक्त यांच्यामध्ये अतिशय पातळ पडदा असतो. म्हणूनच आपल्याला निर्धोक असलेले पाणी माशाला घातक ठरू शकते.

तरीही आम्ही ते उत्तर लगेच दिले नाही. टाकी साबणाने धुतली होती का? नवे पाणी जुन्यापेक्षा फार गार होते का? आधीपासूनच मासे आजारी होते का? सहा मासे मेले एवढेच आपल्याला ठाऊक होते; ते कशाने मेले हे ठाऊक नव्हते. एखादे रसायन माशांना किती विषारी आहे हे खात्रीने सांगायचे असेल तर काय काय करावे लागते, ते आपण या लेखात पाहू.

तुलनेसाठी एक टाकी

पहिली गरज असते ती तुलनेची. काही मासे रसायन घातलेल्या पाण्यात ठेवायचे आणि तसेच काही मासे त्याच पाण्यात, त्याच तापमानाला, पण रसायनाविना ठेवायचे. या दुसऱ्या टाकीला 'नियंत्रक' म्हणतात. नियंत्रकातलेच मासे मरू लागले तर दोष रसायनाचा की पाण्याचा हे सांगता येत नाही. म्हणून आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या २०३ क्रमांकाच्या चाचणी-पद्धतीत (ही १९८१ साली स्वीकारली गेली आणि पुढे १९९२ व २०१९ मध्ये सुधारली गेली) असा दंडक आहे की नियंत्रकात दहा टक्क्यांहून अधिक मासे मेले तर ती चाचणी रद्द समजावी. चाचणीपूर्वी मासे प्रयोगशाळेत रुळू द्यावे लागतात. त्या काळात आठवडाभरात दहा टक्क्यांहून अधिक मासे दगावले तर तो सगळा गटच बाद होतो.

प्राणवायूकडेही लक्ष ठेवावे लागते. मुंबईत वालकेश्वरच्या बाणगंगा तलावात पितृपक्षानंतर मासे मरून तरंगल्याच्या बातम्या अनेकदा आल्या आहेत. तिथे कोणी विष कालवलेले नसते. पाण्यात पडलेले अन्न व निर्माल्य कुजवताना जिवाणू पाण्यातला विरघळलेला प्राणवायू संपवतात आणि मासे गुदमरतात. प्रयोगशाळेतही टाकीत मासे दाटीने ठेवले तर असेच घडेल. म्हणून पाण्यात मावू शकणाऱ्या प्राणवायूच्या किमान साठ टक्के प्राणवायू सतत असावा लागतो. २५ अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. त्याचे साठ टक्के म्हणजे सुमारे ५ मिलिग्रॅम.

चाचणीची मांडणी

या चाचणीसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या माशांपैकी एक आपल्याच मातीतला, खरे तर आपल्याच पाण्यातला आहे. हा म्हणजे अंगावर निळसर पट्टे असलेला, बोटाच्या दोन पेरांएवढा झेब्रा मासा. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतले डॉक्टर फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवरील आपल्या १८२२ च्या ग्रंथात त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले.

चाचणीत रसायनाची निदान पाच प्रमाणे घेतात आणि प्रत्येक प्रमाणाला किमान सात मासे. ही प्रमाणे १, २, ३, ४, ५ अशी बेरजेने वाढवत नाहीत. १, २, ४, ८, १६ अशी गुणाकाराने वाढवतात. याचे कारण सजीवांचा प्रतिसाद बहुधा पटीत बदलतो. १ वरून २ मिलिग्रॅमवर गेल्याने जेवढा फरक पडतो, तेवढा १५ वरून १६ वर गेल्याने पडत नाही.

चाचणीच्या आदल्या दिवसापासून माशांना खाणे देत नाहीत, कारण उरलेले खाणे आणि विष्ठा पाणी बिघडवतात. मग २४, ४८, ७२ आणि ९६ तासांनी मेलेले मासे मोजतात. कल्ल्यांची हालचाल थांबली आहे आणि शेपटीच्या बुडाशी हलकेच स्पर्श केला तरी मासा हलत नाही, असे दिसले की तो मेला असे धरतात. तोल जाणे, पृष्ठभागाशी येऊन हवा घेणे, रंग काळवंडणे याही गोष्टी टिपून ठेवतात.

आणखी एक अडचण असते. पाण्यात घातलेले रसायन चार दिवस तेवढेच राहते असे नाही. काही रसायने उडून जातात, काही काचेला चिकटतात, काहींचे विघटन होते. क्लोरीन तर उघड्या बादलीतूनही हळूहळू निघून जाते. अशा पदार्थांसाठी पाणी ठरावीक काळाने बदलतात किंवा ताजे द्रावण सतत वाहते ठेवतात, आणि प्रत्यक्षात किती रसायन शिल्लक आहे ते मोजतात. मोजले नाही, तर पहिल्याच दिवशी उडून गेलेले विष कागदोपत्री 'सौम्य' ठरेल.

एक आकडा कसा निघतो

समजा, एका रसायनाच्या चाचणीत प्रत्येक टाकीत दहा मासे होते आणि ९६ तासांनी असे दिसले (हे आकडे केवळ उदाहरणासाठी आहेत):

नियंत्रक : ० मेले
लिटरला १ मिलिग्रॅम : ० मेले
२ मिलिग्रॅम : १ मेला
४ मिलिग्रॅम : ४ मेले
८ मिलिग्रॅम : ८ मेले
१६ मिलिग्रॅम : १० मेले

ज्या प्रमाणाला निम्मे मासे मरतील त्याला अर्धमारक संहती म्हणतात. प्रयोगशाळेच्या भाषेत एल.सी. ५०. आपल्या उदाहरणात ते प्रमाण ४ आणि ८ यांच्या मध्ये कुठे तरी आहे. ४० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंतच्या अंतरात ५० टक्के हा बिंदू पाव वाटेवर येतो. प्रमाणे गुणाकाराने वाढवली आहेत, म्हणून पाव वाट लॉगॅरिथमवर मोजू. ४ चा लॉगॅरिथम ०.६०२ आणि ८ चा ०.९०३. दोहोंमधला फरक ०.३०१, त्याचा पाव भाग ०.०७५. म्हणजे ०.६०२ + ०.०७५ = ०.६७७, आणि ०.६७७ हा ४.८ च्या आसपासच्या संख्येचा लॉगॅरिथम आहे. उत्तर : ९६ तासांची अर्धमारक संहती लिटरला सुमारे ४.८ मिलिग्रॅम. प्रत्यक्षात याहून काटेकोर सांख्यिकी पद्धती वापरतात, पण त्यामागचा विचार हाच असतो. दहावीच्या पुढचा विद्यार्थी हे गणित आलेख-कागदावर सहज करू शकेल.

निम्मेच का? जे मासे सर्वांत आधी मरतात ते फार नाजूक असतात आणि जे शेवटपर्यंत टिकतात ते फार चिवट. दोन्ही टोकांचे आकडे दर चाचणीला मागेपुढे होतात. मधला बिंदू सर्वांत स्थिर राहतो.

हा आकडा जितका लहान, तितके विष जहाल. एंडोसल्फान या कीटकनाशकाचा आकडा अनेक गोड्या पाण्यातल्या माशांसाठी लिटरला अवघे काही मायक्रोग्रॅम आहे. इमारतीवरच्या हजार लिटरच्या टाकीत काही मिलिग्रॅम, म्हणजे चिमटीतही धरता येणार नाही एवढी पूड! सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने २०११ मध्ये भारतात त्याच्यावर बंदी आली.

आकड्यामागचे पाणी

एखाद्याने "अमुक रसायनाचा आकडा इतका" असे सांगितले तर लगेच विचारावे : कोणता मासा? किती तास? कसले पाणी? अमोनियाचे उदाहरण घेऊ. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. एक विद्युतभारित अमोनियम आयन आणि दुसरा भाररहित अमोनिया. कल्ल्यांतून सहज आत शिरतो तो दुसरा, आणि मुख्यतः तोच घातक असतो. २५ अंशांना पाण्याचा सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी हे घातक रूप सुमारे ०.६ टक्के असते. सामू ८ झाला की सुमारे ५ टक्के आणि ९ झाला की सुमारे ३६ टक्के. एकूण अमोनिया तोच, पण सामू बदलताच त्यातला मारक भाग साठपट वाढला! तांबेही मऊ पाण्यात अधिक मारक ठरते आणि जड पाण्यात कमी. म्हणून पाण्याचे वर्णन सोबत नसलेला आकडा अपुरा समजावा.

कायद्यातला मासा

आपल्या देशात या चाचणीला कायद्यात स्थान आहे. पर्यावरण (संरक्षण) नियमांत १९९३ साली सांडपाण्याची सर्वसाधारण मानके घालण्यात आली. त्यांत धातू, तेल, फिनॉल यांच्या मर्यादांबरोबर एक जैविक अटही आहे : पाणी न मिसळलेल्या शंभर टक्के सांडपाण्यात ९६ तासांनी नव्वद टक्के मासे जगले पाहिजेत. या अटीमागचा विचार मोलाचा आहे. रासायनिक विश्लेषण आपण शोधू तेवढेच पदार्थ दाखवते; मासा सगळ्या पदार्थांच्या एकत्रित परिणामाला उत्तर देतो.

पण तिची मर्यादाही ओळखावी. समजा, एखादे सांडपाणी खरोखर पाचातला एक मासा मारणारे आहे. दहा माशांवर तपासले तर त्यातला एकही न मरण्याची किंवा एकच मरण्याची शक्यता किती? संभाव्यतेचे गणित सांगते, सुमारे ३८ टक्के. म्हणजे असे सदोष पाणी शंभरातून अडतीस वेळा 'उत्तीर्ण' होईल. मासे वाढवले किंवा चाचणी पुन्हा पुन्हा केली की ही फसगत कमी होते.

दुसरी मर्यादा काळाची आहे. जपानमधल्या मिनामाता येथे कारखान्याच्या सांडपाण्यातला मिथिल पारा समुद्रातल्या माशांच्या शरीरात साठत गेला. ते मासे खाणारी मांजरे आणि माणसे चेतासंस्थेच्या भयंकर विकाराने पछाडली गेली. या रोगाची अधिकृत नोंद १९५६ साली झाली. असे वर्षानुवर्षे साठणारे विष, अंडी कमी घालणे, पिलांची वाढ खुंटणे, यांतले काहीच चार दिवसांत दिसत नाही. "९६ तासांत मासे जगले" याचा अर्थ तेवढाच घ्यावा. "पाणी निर्धोक आहे" असा घेऊ नये.

माशांची किंमत

वरच्या उदाहरणातल्या एका आकड्यासाठी साठ मासे लागले आणि त्यांतले तेवीस मेले. हा विचार शास्त्रज्ञांनाही बोचतो. म्हणून कमी विषारी वाटणारे रसायन आधी लिटरला १०० मिलिग्रॅम या एकाच प्रमाणाला तपासतात. मासे जगले तर पुढच्या टाक्या भराव्याच लागत नाहीत. २०१३ मध्ये झेब्रा माशाच्या नुकत्याच फळलेल्या अंड्यांवरची चाचणी मान्य झाली आणि २०२१ मध्ये माशाच्या कल्ल्यातील पेशींवरची.

शाळेत तर ही चाचणी माशांवर मुळीच करू नये. तीच रीत मुगावर शिकवता येते. सहा वाट्यांत टिपकागद घाला. एकीत साधे पाणी आणि बाकीच्यांत लिटरला १, २, ४, ८, १६ ग्रॅम मिठाचे पाणी घेऊन प्रत्येकीत वीस मूग ठेवा. तीन दिवसांनी किती मूग रुजले ते मोजा, मुळांची लांबी लिहा, आलेख काढा. मूळ निम्म्याने खुंटवणारे प्रमाण शोधा. नियंत्रक, पटीतली प्रमाणे, मोजणी, शंका, सारे काही इथे आहे.

आता बेव्हर्ली पार्कच्या मुलांकडे येऊ. आम्ही त्यांना ओ.टी. चाचणी करून दाखवली. गावोगावी पाण्यातले क्लोरीन तपासायला वापरतात तीच ही चाचणी. (तिचे औषध विषारी असते, म्हणून ती मोठ्यांनीच करावी आणि तपासलेले पाणी टाकीत परत ओतू नये.) नळाचे ताजे पाणी पिवळे झाले. उघड्या बादलीत ठेवलेल्या पाण्यात दुसऱ्या दिवशी पिवळेपणा दिसला नाही. मुलांनी नवे मासे त्या पाण्यात सोडले आणि ते जगले. तेव्हा सर्वांत धाकटी म्हणाली, "पण आधीचे कशाने मेले ते नक्की कळलंच नाही!"

तिचे खरे होते. मासे मेलेले पाणी सकाळीच ओतून दिले गेले होते आणि पुरावा त्याबरोबर वाहून गेला होता. आपल्या गावच्या नदीत किंवा तळ्यात मासे मेले तर हे लक्षात ठेवा. पाण्याला हात लावू नका आणि मासे खाऊ नका. वेळ लिहा. कोणत्या जातीचे मासे, ते वर येऊन हवा घेत होते का, ते लिहा. मोठ्यांनी हातमोजे घालून स्वच्छ बाटली काठोकाठ भरावी, थंड जागी ठेवावी आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला लगेच कळवावे. आणखी एक बाटली प्रवाहाच्या वरच्या अंगाला, जिथे मासे जिवंत आहेत तिथून भरावी. ती दुसरी बाटली म्हणजे तुमचा नियंत्रक. तिच्याशिवाय पहिल्या बाटलीतले पाणी फारसे काही सांगू शकणार नाही.