प्रश्न विचारायचा कोणाला?

शाळेत गर्भनिरोधनाची माहिती द्यावी की देऊ नये, हा वाद महाराष्ट्रात गेली दोन दशके ज्या पद्धतीने घातला जात आहे, तीत एक गृहीत दडलेले आहे. ते असे की हा विषय अद्याप शाळेच्या फाटकाबाहेर उभा असून त्याला आत घ्यायचे की हाकलून द्यायचे, एवढेच काय ते ठरवायचे राहिले आहे. वस्तुस्थिती तशी नाही. बारावीच्या जीवशास्त्रात कॉपर-टी, म्हणजे गर्भाशयात बसवले जाणारे तांब्याची तार गुंडाळलेले साधन, संप्रेरकांच्या गोळ्या, निरोध आणि शस्त्रक्रिया यांची माहिती कार्यपद्धतीसह दिलेली असते आणि वैद्यकीय प्रवेशासाठीच्या ‘नीट’ परीक्षेत त्यांवर प्रश्नही येतात. बुलढाणा, वाशीम, यवतमाळ या जिल्ह्यांतून शिकवणीसाठी अकोल्यात येऊन रूम करून राहणारी सतरा वर्षांची विद्यार्थिनी तांब्याच्या कणांनी शुक्रजंतूंची हालचाल कशी मंदावते, हे चार पर्यायांतून अचूक ओळखू शकते. तिच्याच खोलीतल्या मैत्रिणीची पाळी चुकली, तर तिने कोणाकडे जावे, याचे उत्तर मात्र पुस्तकात नाही, शिकवणीत नाही आणि घरी तर नाहीच नाही. विषय शाळेत आहे. तो विचारता येईल असा माणूस शाळेत नाही.

या मौनाचे एक कारण भाषेत सापडते. वऱ्हाडातील खेड्यांत कुटुंबनियोजनाचे रोजच्या बोलण्यातले नाव ‘ऑपरेशन’ असे आहे, आणि ऑपरेशन म्हणजे दोन-तीन लेकरे झाल्यावर बाईने करून घ्यायची कायमची शस्त्रक्रिया. २०१९ ते २०२१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ४९ टक्के स्त्रिया याच पद्धतीवर विसंबून आहेत, तर पुरुष-नसबंदीचे प्रमाण एका टक्क्यापर्यंतही पोचत नाही. सरकारी यंत्रणेची नोंदवहीसुद्धा याच समजुतीवर बेतलेली आहे. तीत ‘जननक्षम जोडपी’ मोजली जातात, म्हणजे ज्यांतील पत्नी या वयोगटात आहे अशी विवाहित जोडपी. त्यामुळे अविवाहित मुलगी या वहीत असू शकत नाही, आणि सोळाव्या वर्षी लग्न झालेली मुलगी कायद्यानेच असू नये, म्हणून तिची नोंद करतानाही हात अडखळतो. अशा रीतीने ज्या वयाविषयी सर्वाधिक वाद होतो, ते वयच यंत्रणेच्या नजरेतून निसटते.

याच पाहणीतील आणखी दोन आकडे लक्षात घेण्याजोगे आहेत. महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी झालेले होते, आणि १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ७.६ टक्के मुली पाहणीच्या वेळी आई झालेल्या किंवा गरोदर होत्या. या मुलींतील बहुतांश विवाहित असतात, ही गोष्ट शहरी चर्चेत नेहमीच सुटते. ‘मुले बिघडतील’ असे म्हणणाऱ्याच्या डोळ्यांसमोर महाविद्यालयाच्या कट्ट्यावरचे जोडपे असते, तर किशोरवयीन गर्भारपणाचा खरा भार दहावीनंतर शाळा सुटून हात पिवळे झालेल्या मुलीवर पडत असतो. धारणी आणि चिखलदरा हे मेळघाटातील दोन तालुके बालमृत्यूंमुळे १९९० च्या दशकापासून वारंवार बातम्यांत येतात. तेथील कुपोषणाची चर्चा बाळाच्या वजनापासून सुरू होते, पण वजन कमी असलेल्या बाळाची आई अनेकदा स्वतःच वाढीच्या वयात आणि रक्तक्षयग्रस्त असते, आणि तिचे शरीर व पोटातला गर्भ एकाच अपुऱ्या अन्नावर वाढत असतात. अशा मुलीला ऑपरेशनचा काहीच उपयोग नाही. तिला हवे असते ते पहिले मूल पुढे ढकलण्याचे साधन, जसे की दर तीन महिन्यांनी घ्यावयाचे ‘अंतरा’ हे इंजेक्शन किंवा लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत विकसित झालेली, संप्रेरक नसलेली ‘छाया’ ही गोळी. ही साधने सरकारी कार्यक्रमात मोफत मिळतात. परंतु पहिल्या लेकराआधी गोळी घेतली तर पुढे दिवस जात नाहीत, ही समजूत गोळीच्या आधी घरात पोचलेली असते, आणि ती खोडून काढण्याची संधी शाळेत, लग्नापूर्वी, होती ती गेलेली असते.

ही संधी घेण्याचा एक शासकीय प्रयत्न झाला होता. एचआयव्हीचा प्रसार रोखण्याच्या हेतूने केंद्र सरकारने २००५ मध्ये किशोरावस्था शिक्षण कार्यक्रम आखला आणि त्यात नववी व अकरावीच्या वर्गांना वर्षाला सोळा तास द्यावेत, असे ठरले. मात्र त्यासाठी तयार झालेल्या साहित्यातील चित्रे आणि शब्द अनेक राज्यांतील लोकप्रतिनिधींना असह्य वाटले, आणि २००७ मध्ये अन्य काही राज्यांप्रमाणे महाराष्ट्रानेही हा कार्यक्रम बंद केला. त्या वेळचे शालेय शिक्षणमंत्री वसंत पुरके हे यवतमाळ जिल्ह्यातील राळेगावचे आमदार होते, तेव्हा निर्णयाच्या खुर्चीत वऱ्हाडचाच माणूस होता. पुढे २००९ मध्ये व्यंकय्या नायडू यांच्या अध्यक्षतेखालील राज्यसभेच्या याचिका समितीनेही शाळांतील लैंगिक शिक्षणाच्या विरोधात कौल दिला. झारखंडने याच काळात वेगळी वाट धरली. तेथे किशोरावस्था शिक्षणाला ‘उडान’ असे नाव मिळाले, कार्यक्रम सरकारी शाळांत रुजला, आणि २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालपत्रात सर्वोच्च न्यायालयाने लैंगिक शिक्षणाविषयीच्या गैरसमजांची चर्चा करताना त्याचा अनुकूल उल्लेख केला. महाराष्ट्रात साहित्य दुरुस्त करण्याचा पर्याय असतानाही कार्यक्रमच गुंडाळला गेला, ही चूक होती.

बंदीच्या बाजूने दिला गेलेला ‘आपली संस्कृती’ हा युक्तिवाद वऱ्हाडात तरी फारसा टिकत नाही. अमरावतीत १९१४ मध्ये सुरू झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने शरीर हा शिक्षणाचा विषय मानला आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तेथे जाऊन भारतीय खेळांची प्रात्यक्षिकेही केली. शरीराविषयी लाज न बाळगणारी ही परंपरा आखाड्यापाशी येऊन थांबली आणि वयात येणाऱ्या मुलाच्या मनापर्यंत गेली नाही, ही तिची मर्यादा मान्य केली, तरी परंपराच नव्हती असे म्हणता येत नाही.

मराठीत या प्रश्नाची खरी लढाई मुंबईत झाली, आणि ती नेमकी कोणत्या कारणावरून झाली हे पाहणे उद्बोधक आहे. गणिताचे प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले, या कामापायी त्यांना विल्सन कॉलेजमधील नोकरी सोडावी लागली, आणि जुलै १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा जो खटला भरला गेला, तो वाचकांनी विचारलेल्या खासगी प्रश्नांना त्यांनी छापून दिलेल्या उत्तरांवरून. त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर, आणि प्रामाणिकपणे विचारलेल्या शंकेला शास्त्रीय उत्तर देणे अश्लील कसे ठरते, हा त्यांच्या बचावाचा गाभा होता. खटल्यात हार झाली आणि कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. चार वर्षांनी, १० नोव्हेंबर १९३८ रोजी, मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा प्रचार सरकारने करावा, असा आंबेडकरांनी तयार केलेला ठराव पी. जे. रोहम यांनी मांडला. तोही फेटाळला गेला. पुस्तके तेव्हाही होती. समाजाला खुपले ते उत्तर देणारा माणूस उघडपणे उभा राहिला, हे.

आजच्या उत्तर देणाऱ्यापुढे अश्लीलतेच्या कायद्याऐवजी दुसराच पेच आहे. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा, ‘पॉक्सो’ या नावाने ओळखला जाणारा २०१२ चा कायदा अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानतो आणि बालकाची संमती ग्राह्य धरत नाही. शिवाय बालकाशी लैंगिक संबंध घडल्याचे ज्याला समजेल, त्याने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे कलम १९ नुसार बंधनकारक आहे. अत्याचार करणाऱ्या प्रौढाला पाठीशी घातले जाऊ नये, यासाठी ही तरतूद आवश्यकच आहे. परंतु तिचा परिणाम असाही होतो की सतरा वर्षांची मुलगी शिक्षिकेजवळ मन मोकळे करू लागताच शिक्षिका घाबरून तिला थांबवते, कारण पुढचे वाक्य ऐकले तर ते पोलीस ठाण्यापर्यंत न्यावे लागेल. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीपुरती एक फट ठेवली. संमतीने घडलेल्या संबंधातून दिवस गेले असतील आणि मुलीने व तिच्या पालकांनी विनंती केली, तर डॉक्टरने कळवताना तिची ओळख उघड करण्याची गरज नाही, असे न्यायालयाने म्हटले. शाळेतील समुपदेशकाला असा आधार नाही. तरीही, एखाद्याने काय केले हे न विचारता सर्व वर्गाला माहिती देण्यास हा कायदा कोठेही मनाई करीत नाही, हे मुख्याध्यापकांनी ध्यानात घ्यावयास हवे.

माहिती दिली तर मुले नको ते करू लागतील, ही पालकांची भीती खोटी म्हणून उडवून लावण्यासारखी नाही. गावात एखादे ‘प्रकरण’ झाले की शेजारच्या चार घरांतील मुलींची शाळा बंद होते, हा अनुभव त्यांच्या पाठीशी असतो. पण ही भीती तपासून पाहता येते आणि ती तपासलीही गेली आहे. न्यूयॉर्क शहराने १९९१ पासून आपल्या सरकारी माध्यमिक शाळांत निरोध उपलब्ध करून दिले, आणि पुढे तेथील विद्यार्थ्यांची तुलना अशी सोय नसलेल्या शिकागोतील विद्यार्थ्यांशी केली गेली, तेव्हा संबंध ठेवणाऱ्यांचे प्रमाण दोन्हीकडे सारखेच आढळले, मात्र निरोधाचा वापर न्यूयॉर्कमध्ये अधिक होता. अमरावतीच्या शाळेत निरोधाचे यंत्र बसवावे, असा याचा अर्थ मुळीच नाही, आणि तशी मागणी कोणी केल्यास ती मूळ कामाला मारकच ठरेल. आपल्याकडे गोष्टी कोठवर आल्या आहेत, हे नोव्हेंबर २०२२ मध्ये बंगळुरूत दिसले. मोबाइल शोधण्यासाठी आठवी ते दहावीच्या मुलांची दप्तरे तपासली गेली, तेव्हा काहींत निरोध आणि गर्भनिरोधक गोळ्या निघाल्या. तेथील शाळांनी मुलांना निलंबित न करता समुपदेशनाचा मार्ग सुचवला, हे शहाणपणाचे झाले.

दप्तरात वस्तू येते ती बहुधा ‘मेडिकल’मधून. संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यावयाची तातडीची गोळी २००५ पासून चिठ्ठीशिवाय मिळते आणि तिच्या जाहिराती घराघरांत पोचल्या आहेत. मात्र ती जितकी लवकर घ्यावी तितकी अधिक उपयोगी, ती नेहमी घ्यावयाची नसते, ती राहिलेला गर्भ पाडत नाही आणि कोणत्याही रोगापासून संरक्षण देत नाही, यांतले क्वचितच काही दुकानाच्या फळीवर सांगितले जाते. गर्भपाताच्या गोळ्या पूर्णपणे वेगळ्या असून त्या डॉक्टरच्या देखरेखीशिवाय घेणे जिवावर बेतू शकते. हा फरक ठाऊक नसल्यामुळे होणारे नुकसान नैतिकतेच्या कोणत्याही चर्चेपेक्षा मोठे आहे. आणि विसंगती पाहा: शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास २००३ च्या कायद्याने बंदी असताना वऱ्हाडात शाळकरी पोराला पानटपरीवर खर्रा मिळण्यात कोणाला अडचण वाटत नाही; त्याच पोराने निरोध म्हणजे काय, असे वर्गात विचारले, तर पालकांना बोलावणे धाडले जाते.

किशोरांचे स्वास्थ्य ही गर्भनिरोधनापेक्षा पुष्कळ मोठी बाब आहे, हे सरकारने कागदावर तरी मान्य केले आहे. जानेवारी २०१४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात १० ते १९ वयोगटासाठी पोषण, लैंगिक आरोग्य, मानसिक आरोग्य, व्यसने, हिंसा व अपघात आणि असंसर्गजन्य आजार असे सहा विषय एकत्र गुंफले आहेत, आणि त्यासाठी महाराष्ट्रातील सरकारी रुग्णालयांत ‘मैत्री’ नावाचे सल्ला कक्ष आहेत. कल्पना उत्तम, जागा अडचणीची. अमरावतीचे जिल्हा स्त्री रुग्णालय लोकांच्या तोंडी अजूनही ‘डफरीन’ आहे आणि अकोल्याचे ‘लेडी हार्डिंग’. ही दोन्ही नावे बाळंतपणाशी इतकी घट्ट जोडलेली आहेत की एखादी कुमारिका त्या फाटकातून आत जाताना गावच्या कोणाला दिसली, तर ती लोहाच्या गोळ्यांसाठी गेली होती, यावर विश्वास बसणार नाही. मुलगा तर तेथे जाणारच नाही. म्हणून हे काम शाळेतच व्हावे लागेल, आणि त्याची जुनी, बिनखर्चाची रीत उपलब्ध आहे: नाव न लिहिता चिठ्ठी टाकण्याची प्रश्नपेटी, आणि आठवड्यातून एकदा त्या चिठ्ठ्यांना सर्व वर्गासमोर शांतपणे उत्तर देणारा प्रशिक्षित माणूस. चिठ्ठीवर नाव नसल्याने कायद्याचा पेच उरत नाही, आणि उत्तर सर्वांसाठी असल्याने कोणाकडे बोट दाखवले जात नाही.

हा माणूस नव्याने नेमण्याचीही गरज नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक सरकारी शाळेतील दोन शिक्षकांना, शक्यतो एक पुरुष आणि एक स्त्री, आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे, आणि त्यांच्या अभ्यासक्रमात भावनिक स्वास्थ्य, व्यसनमुक्ती यांच्या जोडीला प्रजनन आरोग्यही आहे. अमरावती आणि अकोल्यातील पालकांनी येत्या पालकसभेत मुख्याध्यापकांना एवढेच विचारावे की आपल्या शाळेतले ते दोन शिक्षक कोण, त्यांचे प्रशिक्षण कधी झाले आणि प्रश्नपेटी कोठे ठेवली आहे.