अमेरिकेतलं माझं पहिलं मत

बॉस्टन : या देशाचा राष्ट्राध्यक्ष निवडताना मला मत नाही. ग्रीन कार्डाच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला ते नसतंच. तरीही अमेरिकेत मी मत दिलेलं आहे, आणि तेही अनेकदा. अमेरिकन केमिकल सोसायटीच्या आमच्या भागातल्या शाखेची, म्हणजे नॉर्थईस्टर्न सेक्शनची, दरवर्षी निवडणूक होते. सोसायटीचं सभासदत्व असलं की झालं, पासपोर्ट कुठला हे कुणी विचारत नाही. त्यामुळे माझ्यासारख्या कित्येक परदेशी रसायनतज्ज्ञांचं अमेरिकेतलं पहिलं मत कुठल्या पक्षाला न जाता शाखेच्या खजिनदाराला जातं.

यंदाची मतपत्रिका आली, तेव्हा सवयीने आधी उमेदवारांची मनोगतं वाचायला घेतली. चेअर-इलेक्ट या पदासाठी दोन नावं होती. एक बाई औषध कंपनीत संशोधन करणाऱ्या, तर दुसरे गृहस्थ कॉलेजात शिकवणारे. सेक्रेटरीपदाला एकच नाव, म्हणजे बिनविरोध. त्याखाली कौन्सिलर आणि पर्यायी कौन्सिलर यांची यादी. प्रत्येक मनोगताचे दोन भाग असतात. पहिल्यात आजवर काय केलं, दुसऱ्यात निवडून आल्यास काय करीन. पदव्या आणि शोधनिबंध एका वाक्यात उरकलेले, आणि भर कशावर, तर शाळांच्या विज्ञान प्रदर्शनात किती वर्षं परीक्षक होतो, मासिक सभेच्या जेवणाची व्यवस्था कुणी पाहिली, नोकरी गेलेल्या सभासदांसाठी बायोडेटा तपासण्याची बैठक कुणी घेतली, यावर. गेल्या काही वर्षांत इथल्या औषध कंपन्यांनी बरीच माणसं कमी केली. त्यामुळे तो शेवटचा मुद्दा हल्ली बहुतेक मनोगतांत डोकावतो.

प्रतिस्पर्ध्याबद्दल मात्र एक अक्षर नसतं. देशाच्या राजकारणाबद्दलही नसतं. सोसायटी करमुक्त संस्था आहे, आणि अशा संस्थेला सार्वजनिक निवडणुकीत कुठल्याही उमेदवाराचा प्रचार करण्याची कायद्याने मनाई आहे. बाहेर देश दोन रंगांत वाटला गेलेला असताना ही मतपत्रिका वाचणं म्हणजे रहदारीच्या रस्त्यावरून एखाद्या वाड्याच्या चौकात शिरण्यासारखं वाटतं.

यातलं चेअर-इलेक्ट हे पद आपल्या वाचकांना जरा उलगडून सांगायला हवं. आपल्याकडे अध्यक्ष निवडून येतो आणि दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसतो. इथे मत द्यायचं ते पुढच्या वर्षीच्या अध्यक्षाला. निवडून आलेला माणूस पहिलं वर्ष विद्यमान अध्यक्षाच्या शेजारी बसून काम शिकतो, दुसऱ्या वर्षी अध्यक्ष होतो आणि तिसऱ्या वर्षी माजी अध्यक्ष म्हणून नव्याला सांभाळून घेतो. म्हणजे उमेदवार उभा राहतो तो तीन वर्षांच्या बिनपगारी कामासाठी. राष्ट्रीय सोसायटीचा अध्यक्षही याच तीन पायऱ्यांनी जातो. पहिल्या पायरीवर अधिकार जवळजवळ नसतात आणि तिसऱ्या पायरीवर मान असला तरी माईक नसतो. दोन्हीकडून अहंकाराला कात्री लावणारी ही योजना मला भारी हुशारीची वाटते.

कौन्सिलरचं काम वेगळं. तो तीन वर्षांसाठी निवडला जातो आणि वर्षातून दोनदा राष्ट्रीय अधिवेशनाच्या वेळी भरणाऱ्या कौन्सिलमध्ये शाखेच्या वतीने बोलतो. मोठ्या शाखेला जास्त कौन्सिलर मिळतात, पण लहानातल्या लहान शाखेलाही निदान एक मिळतोच.

ही रचना भांडणातून आली आहे. 1876च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कला पस्तीस रसायनतज्ज्ञ जमले आणि सोसायटी स्थापन झाली. नाव 'अमेरिकन', पण सभा न्यूयॉर्कला आणि कारभारही न्यूयॉर्ककरांच्या हाती. बाहेरच्यांनी फक्त वर्गणी भरायची. वॉशिंग्टनचे रसायनतज्ज्ञ इतके बिथरले की वेगळी राष्ट्रीय संस्था काढण्याची भाषा सुरू झाली. शेवटी 1890मध्ये न्यूयॉर्क सोडून ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्टला सभा भरवण्यात आली आणि 1891मध्ये त्याच ऱ्होड आयलंडमध्ये पहिली स्थानिक शाखा निघाली. आमची शाखा 1898ची. आपल्या साहित्य महामंडळाचं कार्यालय दर तीन वर्षांनी गाव बदलतं, त्यामागचं दुखणं हेच. कारभार एकाच शहराच्या ओटीत पडू नये. उपाय मात्र निराळे. आपण कार्यालय फिरतं ठेवलं, यांनी गावोगावी शाखा काढून मतं वाटून दिली.

आणखी एक योगायोग. अमेरिकेतल्या बहुतेक सभा ज्या नियमावलीवर चालतात, ती 'रॉबर्ट्स रूल्स ऑफ ऑर्डर' 1876मध्येच छापली गेली. हेन्री रॉबर्ट हा लष्करातला इंजिनिअर. 1863मध्ये आमच्याच मॅसॅच्युसेट्समधल्या न्यू बेडफर्डला चर्चच्या एका सभेचं अध्यक्षपद अचानक त्याच्या गळ्यात पडलं, सभा हाताबाहेर गेली, आणि ओशाळलेल्या या गृहस्थाने सभा चालवण्याचे नियमच अभ्यासायला घेतले. सूचना, अनुमोदन, दुरुस्ती, चर्चा, मतदान ही उतरंड इथल्या माणसाच्या अंगात इतकी मुरली आहे, की चहाऐवजी कॉफी ठेवायची हेसुद्धा कुणीतरी सुचवतं आणि कुणीतरी अनुमोदन देतं. मला आधी हसू यायचं. मग लक्षात आलं, की माझ्या इंग्रजीच्या मराठी वळणाकडे लक्ष न देता माझी सूचना सगळ्यांनी ऐकून घेतली, तीही याच नियमांमुळे. बोलायची पाळी आवाजावर ठरत नाही.

या निवडणुकीतली खरी चुरस मतदानाच्या आधी होते, आणि ती असते माणूस शोधण्याची. नामनिर्देशन समितीचे लोक फोन करकरून विचारतात, ''तुझं नाव टाकू का?'' लोक म्हणतात, मुलं लहान आहेत, कंपनीत बदल चाललेत, पुढच्या वर्षी बघू. मत देणारे सभासदही नेहमी थोडेच असतात. तीच माणसं आलटून पालटून पदांवर दिसतात, अशी कुरकुर इथेही चालते, आणि ती खोटी नाही. आपल्याकडे साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदासाठी मोठे लेखक मतांच्या मागे लागायला तयार होईनात, म्हणून 2018मध्ये महामंडळाने ती निवडणूकच काढून टाकली आणि सन्मानाने निवड सुरू केली. इथे उमेदवाराची मनधरणी करतील, एकच नाव असलं तरी मतपत्रिका छापतील, पण निवडणूक सोडणार नाहीत. सन्मान द्यायला त्यांच्याकडे पदकं आहेत. पद हे कामासाठी.

आमच्या शाखेत हा फरक स्वच्छ दिसतो. संशोधनासाठीचं पदक थिओडोर रिचर्ड्सच्या नावाने आहे. अणुभारांच्या अचूक मोजणीसाठी 1914चं नोबेल मिळवणारा हा हार्वर्डचा प्राध्यापक, रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेला पहिला अमेरिकन. शाखेची सेवा करणाऱ्याला मिळणारा पुरस्कार मात्र हेन्री हिल यांच्या नावाने आहे. हिल कृष्णवर्णीय होते. 1942मध्ये एमआयटीतून डॉक्टरेट मिळवलेले हे पॉलिमरतज्ज्ञ 1963मध्ये आमच्या शाखेचे अध्यक्ष होते, म्हणजे नागरी हक्कांचा कायदा होण्याच्या आदल्या वर्षी. मग कौन्सिल, मग संचालक मंडळ असं चढत ते 1977मध्ये सबंध सोसायटीचे अध्यक्ष झाले, तिच्या इतिहासातले पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष. लगेच पुढच्या वर्षी अॅना हॅरिसन पहिल्या स्त्री अध्यक्ष झाल्या. सोसायटीच्या स्थापनेला तोवर शंभर वर्षं उलटून गेली होती, हेही विसरून चालणार नाही. शिडी होती, पण तिच्यावर पाय ठेवू द्यायला फार वेळ लागला.

दोन वर्षांपूर्वी मलाही तो फोन आला. पर्यायी कौन्सिलरसाठी. मी म्हटलं, ''अहो, मी या देशाचा नागरिक नाही.'' पलीकडून उत्तर आलं, ''सभासद आहेस ना? वर्गणी भरली आहेस ना?'' माटुंग्याला शिकत असताना वर्गप्रतिनिधीच्या निवडणुकीतही मी कधी उभा राहिलो नव्हतो. दीडशे शब्दांचं मनोगत लिहायला तीन रात्री लागल्या. स्वतःची स्तुती मराठी माणसाला जमत नाही, आणि इथे ती केल्याशिवाय कुणाला काही कळत नाही. शेवटी केलेलं तेवढं लिहिलं. यादीत सांगण्याजोगं एवढंच होतं, की चार वर्षं ऑक्टोबरमधल्या राष्ट्रीय रसायनशास्त्र सप्ताहात मुलांसमोर प्रयोग केले.

हा सप्ताह म्हणजे 1987मध्ये सोसायटीचे माजी अध्यक्ष जॉर्ज पिमेंटेल यांनी एका दिवसापासून सुरू केलेला उपक्रम. शाखांचे लोक वाचनालयांत, संग्रहालयांत टेबलं मांडतात. डिंकात टाकणखाराचं पाणी घालून लिबलिबीत स्लाईम बनवणं हा मुलांचा लाडका प्रयोग. पेटंटं नावावर असलेली माणसं तिथे गुडघे टेकून पोरांची चिकट बोटं पुसत असतात. प्रचारसभा म्हणायची तर तीच.

मी हरलो. निकालाच्या पाठोपाठ अध्यक्षबाईंचं पत्र आलं. मला वाटलं, सांत्वनाचं असेल. पत्र चार ओळींचं होतं. उभं राहिल्याबद्दल आभार मानले होते, आणि पुढे लिहिलं होतं, की येत्या ऑक्टोबरात स्लाईमचं टेबल तुमच्याकडे, डिंक किती बाटल्या लागेल ते कळवा.

मी वीस कळवल्या.